अकरावा सांधा

सुतार करवत घेऊन वरच्या खोलीत आला, तेव्हा आई टेबलाखाली होती.

दिसत होते ते फक्त तिचे पाय. एका पायात मोजा होता, दुसऱ्यात नव्हता. सुताराने त्या पायांकडे पाहिलं, मग थोरल्याकडे पाहिलं आणि करवत हळूच दाराला टेकवून ठेवली. टेबलाचे चार तुकडे करून जिन्यातून खाली उतरवायचे, एवढंच त्याला फोनवर सांगितलं होतं. टेबलाखाली माणूस असेल, असं कुणी म्हणालं नव्हतं.

"आई, बाहेर ये," थोरला म्हणाला.

"येत नाही."

"सुतार आलेत."

"त्यांना बसायला दे. खुर्ची देऊ नकोस, ती तुझ्या बाबांची आहे. ते बघ स्टूल."

सुतार मुकाट्याने स्टुलावर बसला. थोरल्याने कपाळावरचा घाम पुसला. विमा कंपनीत तो दिवसभर लोकांना धोक्याची जाणीव करून देतो आणि लोक ऐकतातही. घरात शिरलं की मात्र त्याचं कुणी ऐकत नाही, आणि त्यातही आई तर मुळीच नाही.

टेबल म्हणायचं म्हणून टेबल. खिडकीपासून कपाटापर्यंत सोळा फूट लांब, त्यावर बोटभर रुंदीचे रूळ, एक स्टेशन, दोन बोगदे आणि अकरा सांधे. बाबांनी चौतीस वर्षं रेल्वेच्या केबिनमध्ये उभं राहून खरे सांधे बदलले आणि घरी येऊन हे खोटे मांडले. प्रत्येक सांध्याच्या पोटाखाली काडेपेटीएवढी मोटर, तिला तीन तारा. खुर्चीसमोरच्या पॅनेलवर कळ दाबली की मोटर टक् करते, रुळाची पाती सरकते आणि गाडी एका वाटेवरून दुसऱ्या वाटेला लागते. निदान तसं व्हायला हवं होतं. बाबा गेले त्याला दहा महिने झाले, पण त्यांच्या हयातीतली शेवटची एकोणीस वर्षं ते पॅनेल बंद होतं आणि बाबा पेन्सिलीच्या टोकाने एकेक सांधा ढकलत गाडी चालवत.

"गेल्या महिन्यात काय झालं ते विसरलीस?" थोरला वाकून पायांशी बोलू लागला. "दोन तास अडकली होतीस इथे. शेजारच्या काकांना चपलेचे ठोके ऐकू आले म्हणून बरं. नसते आले तर?"

"तर अजून ठोकले असते."

"थट्टा नाही करत मी! माझ्या घरी लिफ्ट आहे, तुझी स्वतंत्र खोली तयार आहे, पडदेसुद्धा लावलेत. इथे दोन मजले चढायचे, वर एकटीने राहायचं आणि उताणं होऊन तारा जोडायच्या. अडुसष्टाव्या वर्षी! झोप लागत नाही गं मला."

हे खरं होतं. तो फोन आला तेव्हा थोरला एका गिऱ्हाइकासमोर बसला होता आणि हातातलं पेन त्याने इतकं घट्ट धरलं, की ते मोडलं. पण ही गोष्ट त्याने आईला सांगितली नव्हती. सांगितली असती तर कदाचित या सुताराची गरज पडली नसती.

त्याने आधारासाठी बहिणीकडे पाहिलं. धाकटी उंबऱ्यावर हाताची घडी घालून उभी होती. दोघांचं आठवड्यापूर्वी ठरलं होतं. "फोडून टाक," असं ती फोनवर म्हणाली होती, दोनच शब्द, आणि तिने फोन ठेवला होता. त्या टेबलाशी तिचं जुनं वैर होतं.

"आई," ती म्हणाली, "दादाचं बरोबर आहे."

टेबलाखालचे पाय थांबले. मग आई सरकत सरकत बाहेर आली. आधी पदर, मग मनगटाला बांधलेली टाचण्यांची गादी, मग धुळीने पांढरे झालेले पांढरेच केस. चाळीस वर्षं तिने शाळांचे गणवेश शिवले. गादी मनगटावर नसली की तिला उघडं वाटतं.

"तू पण?" तिने लेकीला विचारलं. "बरं झालं. दोघांशी एकदमच बोलते."

सूनबाई कोपऱ्यात बसून स्टेशनची इमारत वर्तमानपत्रात गुंडाळत होती. ती रुग्णालयात परिचारिका; हट्टी म्हाताऱ्या माणसांना बोलण्यात गुंतवून सुई टोचणं हे तिचं रोजचं काम. पण सासूच्या आवाजातली ती धार ऐकून तिने स्टेशन हळूच खाली ठेवलं.

"आई, आठवण म्हणून एक इंजिन ठेवू या ना," थोरला मऊ आवाजात म्हणाला. "छान काचेच्या कपाटात."

"आठवणीसाठी कोण ठेवतंय? मला चालवायचीय गाडी."

"तुला?"

"का? तुझ्या बाबांनी मला या खोलीत केर काढण्यापुरतं येऊ दिलं. हात लावायचा नाही, धूळ फुंकायची नाही, काही विचारायचं नाही. वाकून केर काढायचा आणि जायचं. चाळीस वर्षं मी खालून हे टेबल बघितलंय, वरून नाही. आता ही खोली माझी आहे आणि मला ती आवडते. कुणाची आठवण वगैरे नाही, मला आवडते म्हणून."

सुतार स्टुलावरून अर्धवट उठला. "मावशी, मी उद्या येऊ का?" तो म्हणाला.

"उद्या कशाला? बसा तुम्ही. सूनबाई चहा टाकतील. तुमचा चहा संपेपर्यंत गाडी अकराही सांध्यांवरून फिरून, पेन्सिल न लावता, या स्टेशनात येऊन उभी राहिली, तर टेबल इथेच राहील आणि मीही. नाही आली तर कापा आणि मलाही न्या. पडद्यांसकट."

"असं काय गं आई—"

"कबूल आहे की नाही?"

थोरल्याने टेबलाकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत बाबांना जे जमलं नाही, ते सुताराच्या एका चहात होणार नव्हतं. विमावाल्याच्या हिशेबाने धोका शून्य होता. "कबूल," तो म्हणाला.

"मग अकरावी मोटर जोडायला माणूस लागेल मला. कोपऱ्यात आहे, भिंतीला लागून. तिच्या तारेचा कथिलाचा टाका सुटलाय आणि माझा खांदा तिथे शिरत नाही. त्यातच तर अडकले होते." आईने सरळ लेकीकडे बघितलं. "खारूताई, ये."

ते नाव ऐकून धाकटीचा चेहरा आवळला. विशीतली ती काटकुळी पोर टेबलाखाली कुठेही घुसायची म्हणून बाबांनी ते नाव ठेवलं होतं. आज ती लिफ्ट दुरुस्त करते. वीस मजली इमारतीतली लिफ्ट तिच्या एका शब्दावर थांबते. तिला खारूताई म्हणायची कुणाची बिशाद नाही.

"मी नाही हात लावणार," ती म्हणाली. "त्यांनीच सांगितलं होतं मला. 'उलटं जोडलंस, परत हात लावू नकोस.' आठवतंय ना? मी लावला नाही."

आठवत सगळ्यांनाच होतं. सगळी जोडणी तिने एकटीने केली होती, सुट्टीचे दोन महिने उताणं पडून. वितळलेलं कथील तोंडावर ठिबकायचं. हनुवटीवर एक पांढरा डाग अजून आहे. बाबांनी कागदावर सांधे एक ते अकरा लिहून दिले, तिने खालून मोटरींना एक ते अकरा नंबर टाकले आणि नंबराला नंबर जोडला. पहिली चाचणी सहा नंबरची, कारण तो अगदी मधला आणि बाबांच्या मते सर्वांत अवघड. टक्. पाती सरकली. बाबांनी टाळी वाजवली. मग त्यांनी गाडी सोडली आणि तीनची कळ दाबली. तीन हलला नाही. हलला तो नऊ, आणि तोही गाडीच्या चाकांखाली. बाबांचं लाडकं इंजिन टेबलावरून जमिनीवर आपटलं आणि त्याचं धुराडं तुटलं. पुढची पाच मिनिटं जे बोलणं झालं, त्यात धाकटी बॅग भरून घराबाहेर पडली आणि बाबांनी पॅनेलची पिन उपटली. ती पिन त्यांनी पुन्हा कधी लावली नाही.

आईने ब्लाऊजमधून एक छोटी वही काढली. मापं लिहायची वही. "हे वाच."

धाकटीने उंबऱ्यावरूनच हात लांब करून वही घेतली. आईच्या गोल अक्षरात, छाती-कंबर-बाहीच्या रकान्यांत लिहिलं होतं: एक दाबली, काही नाही. दोन दाबली, दहा हलला. तीन दाबली, नऊ. चार दाबली, आठ. पाच, सात. सहा, सहा.

"तुझे बाबा गेल्यावर पिन लावली मी आणि एकेक कळ दाबली," आई म्हणाली. "बेरीज कर. दर वेळी बारा. अकरावीचा टाका सुटला म्हणून एक दाबून काही होत नाही, नाहीतर तीही तशीच. मी त्या दिवशी इथेच बसून हसले, मग रडलेही. अगं, शर्ट उलटा करून शिवायला घेतला की डावी बाही उजव्या हाताला येते. नव्या मुली पहिल्या आठवड्यात हीच चूक करतात. तू डोकं आधी घालून आत शिरायचीस आणि उताणी व्हायचीस. तुझा डावा हात बाबांच्या उजव्या हाताला. तुझा एक म्हणजे त्यांचा अकरा. फक्त मधला सहा कुठूनही बघितला तरी सहाच, आणि नेमका तोच तुम्ही आधी दाबलात."

धाकटीने वही दोनदा वाचली. रोज लिफ्टच्या पॅनेलमध्ये हात घालणाऱ्या बाईला हे कळायला एवढा वेळ लागावा, याची तिला आधी लाज वाटली आणि मग राग आला, सगळ्यांचा मिळून.

"एकोणीस वर्षं!" ती म्हणाली. "अकरा कळा दाबून बघायला काय झालं होतं त्यांना?"

"तुला काय झालं होतं?"

"मला घालवलं होतं त्यांनी!"

"तू गेलीस. त्यांनी तोंड सोडलं आणि तू घर सोडलंस. दोघांनी एकदा, फक्त एकदा, शेजारी बसून कळ दाबली असती तर दुपारच्या जेवणाच्या आत मिटलं असतं. ते खुर्चीत बसून म्हणणार, पोरीने उलटं जोडलं. तू तिकडून म्हणणार, बापाने उलटं लिहिलं. मला राग येतो तुमचा, दोघांचाही. ते गेले म्हणून त्यांच्यावरचा कमी होत नाही. एकोणीस वर्षं मी दोन हट्टांच्या मध्ये बसून जेवले." आईने मनगटावरची गादी सरळ केली. "चार जोड्या मी, खाली सगळ्या तारा जिथे येतात त्या पट्टीवर, बदलून घेतल्या. इकडच्या तारा तिकडे, तिकडच्या इकडे, आणि प्रत्येकीला रंगीत दोरा बांधून ठेवला. एक आणि अकराच्या ताराही फिरवल्या. राहिला तो एक टाका. तो मला येतो, पण माझा हात पोचत नाही. आता तू ठरव. मी विनवणी करणार नाही."

खोलीत सुताराच्या बशीचा आवाज झाला. चहा आला होता.

"गरम आहे ना?" सूनबाईने त्याला विचारलं.

"फार."

"सावकाश घ्या. मी अजून एक आधण ठेवलंय."

थोरल्याने बायकोकडे चमकून पाहिलं. "म्हणजे? तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"चहाच्या," सूनबाई म्हणाली. मग तिने स्टेशनवरचं वर्तमानपत्र सोडलं आणि ती इमारत पुन्हा फलाटामागे नेऊन बसवली. "हे बघा, त्या दिवशी आईंना तपासलं मी. हाड शाबूत, रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला. त्या अडकल्या त्या टेबलामुळे नाही, सोबत कुणी नव्हतं म्हणून. आमच्याकडे स्वतंत्र खोलीतही त्या दिवसभर एकट्याच असणार. आपण दोघं कामावर. तिथे चपलेने कुणासाठी ठोकतील?"

"हे तू आधी का नाही बोललीस?"

"आधी मलाही पडदे आवडले होते."

धाकटी उंबरा ओलांडून आत आली. पायातल्या चपला तिने दाराशी, करवतीच्या शेजारी काढल्या. "सोल्डरिंगचं कुठाय?" तिने विचारलं.

आईने इस्त्रीच्या टेबलाकडे बोट दाखवलं. हत्यार तापत ठेवलेलंच होतं. केव्हापासून, ते तिने सांगितलं नाही.

आत शिरताना धाकटीला जाणवलं, की काटकुळेपण गेलं. खांदा फळीला घासला, कंबर पायाला अडली. पण मग तिने वर पाहिलं. अकरा मोटरींवर तिच्या विशीतल्या अक्षरातले नंबर होते आणि एकही पुसलेला नव्हता. बाबांनी एकोणीस वर्षांत तिची एक तार तोडली नव्हती, एक मोटर काढली नव्हती. नंबरांशेजारी आता आईचे दोरे होते, गाठी मारलेले, कुठे लाल, कुठे जांभळे. अकरावी मोटर, जिच्यावर तिने तेव्हा एक लिहिलं होतं, कोपऱ्यात लोंबत होती.

"कोणत्या रंगाचं टोक?" ती ओरडली.

"लाल सरळ, हिरवं वळणाचं, काळं परतीचं," आईचा आवाज वरून आला. "तूच लावलेलं आहेस."

"माहितीये! विचारून घेतलं!"

धूर निघाला. कथिलाचा थेंब गालाशेजारून जमिनीवर पडला. तिने टाका गार होऊ दिला, तार हलकेच ओढून पाहिली आणि मग जरा जोरात ओढून पाहिली. धरला होता.

"लावा पिन," ती म्हणाली, आणि बाहेर येईपर्यंत आईने पिन लावलीसुद्धा होती.

आई बाबांच्या खुर्चीत बसली. ती त्या खुर्चीत बसलेली मुलांनी कधीच पाहिली नव्हती. तिने गाडी सोडली. एक, टक्. दोन, टक्. आई नंबर मोठ्याने म्हणत होती आणि प्रत्येक नंबराला समोरची पाती नेमकी सरकत होती. तीनला धाकटीने श्वास धरला. तीन हलला. गाडी बोगद्यात शिरली, बाहेर आली, वळणावर डुलली. सहाला कुणीच श्वास धरला नाही. नऊ. दहा. सुताराने उरलेला चहा तसाच हातात धरला होता.

"अकरा तू दाब," आई थोरल्याला म्हणाली.

"मी?"

"लहानपणी दारात उभा राहून बघायचास. मला दिसायचं. बाबांना दिसायचं नाही, कारण ते रुळांकडे बघत असत. ये इकडे. टिचकी मारायची. धरून ठेवलीस तर मोटर जळेल."

थोरला पुढे आला. त्याने बोट कळेवर ठेवलं. त्याने न दाबली तर सगळं त्याच्या मनासारखं होणार होतं. टेबल कापलं जाणार, आई लिफ्टच्या घरात येणार, रात्रीची झोप परत येणार. गाडी चार हातांवर आली, तीन, दोन. थोरल्याने टिचकी मारली.

टक्.

गाडी वळली, फलाटाला लागली आणि स्टेशनसमोर जरा पुढे जाऊन थांबली.

"एक डबा फलाटाबाहेर आहे," थोरला म्हणाला.

"शिकेन हळूहळू," आई म्हणाली.

"मी अजूनही म्हणतो, तू आमच्याकडे यावंस."

"म्हण की. दर रविवारी इथे येऊन म्हण. सोबत होईल मला."

सुताराने कप खाली ठेवला आणि तो उठला. "मग मावशी, माझं काम राहिलंच नाही म्हणायचं," तो करवतीकडे जात म्हणाला.

"कुठे निघालात? आलाच आहात तर टेबल कापून जा."

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. ती कपाट उघडून आतून कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढत होती. धुराडं तुटलेलं इंजिन होतं ते. बाबांनी ते दुरुस्तही केलं नव्हतं आणि टाकलंही नव्हतं. आईने ते खिडकीजवळच्या मोकळ्या फळीवर ठेवलं.

"याला उभं राहायला जागा हवी," ती म्हणाली. "इथून एक बाजूचा रूळ काढणार मी. त्याला बारावा सांधा लागेल आणि मोटरची दांडी वर यायला एक भोक. अंगठ्याएवढं बास. तेवढंच कापा."

"बारा झाले तर मधला नंबर कुठलाच जुळणार नाही," धाकटी म्हणाली. "वरून-खालून एकदाच नीट बघून लिहावे लागतील सगळे."

"मग बघ की नीट."

सुताराने पिशवीतून गिरमिट काढलं. आईने कानावरची पेन्सिल घेतली, बाबांचीच, आणि फळीवर फुली मारली. खालून जागा मोकळी आहे का, ते बघायला धाकटी पुन्हा टेबलाखाली शिरली, पण या वेळी तिने पाय आधी आत घातले आणि डोकं आईच्या खुर्चीकडे ठेवलं, म्हणजे तिचा डावा हात आईच्या डाव्या हाताला.